उजव्या हाताचा समुद्र

प्रवासाहून परत आल्यावर प्रवासवर्णन लिहावें अशी रीत आहे. आमची मंडळी अजून उंबरठ्याच्या आंतच आहेत, पेट्या माळ्यावरून खालीं उतरलेल्या नाहींत, आणि मी मात्र लेखणी घेऊन बसलों आहें. वाचकांनीं हा उतावळेपणा क्षम्य मानावा. या प्रवासानें मला जें शिकवावयाचें होतें, त्यांतलें पुष्कळसें निघण्यापूर्वींच शिकविलें आहे.

आमचें कुटुंब एकत्र आहे. वडील बंधूंना घरांत लहानथोर सारे दादाच म्हणतात. त्यांचें वय चौऱ्याहत्तर, माझें अडुसष्ट. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन मीं छत्तीस वर्षें शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. दादांनीं एका कचेरींत हिशेब तपासण्यांत जन्म घालविला. दादांचा एकुलता मुलगा गेलीं नऊ वर्षें जर्मनींत स्टुटगार्ट येथें यंत्रांच्या कारखान्यांत इंजिनियर आहे. गेल्या दिवाळींत तो घरीं आला, तेव्हां फराळाच्या ताटाशेजारीं त्यानें भूमध्यसमुद्राच्या उत्तर किनाऱ्याचा एक मोठा नकाशा पसरला आणि म्हणाला, "काका, येत्या मे महिन्यांत सगळ्यांनीं यावें. इटलींतलें जिनोआ ते फ्रान्समधलें मार्सेलिस, समुद्राच्या कांठाकांठानें, आपण स्वतः मोटार चालवीत जाऊं."

मार्सेलिस हें नांव ऐकतांच दादांनीं हातांतली करंजी खालीं ठेवली. याला कारण आहे. आमचे वडीलहि शिक्षक होते. दरवर्षीं ८ जुलै आला, कीं रात्रीं जेवणानंतर ते आम्हां भावंडांना ओटीवर बसवून, १९१० सालीं त्या दिवशीं सावरकरांनीं 'मोरिया' बोटीच्या खिडकींतून मार्सेलिसच्या बंदरांत कशी उडी घेतली, फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवूनहि ते परत इंग्रजांच्या हातीं कसे दिले गेले, आणि १९११ च्या फेब्रुवारींत हेगच्या लवादानें निकाल कसा इंग्रजांकडेच दिला, हें सांगत. दादा तेव्हां आठ-नऊ वर्षांचे होते. "तें पाणी किती खोल असेल हो?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न, आणि "मोठा झालास कीं जाऊन पाहा" हें वडिलांचें ठरलेलें उत्तर. दादा मोठे झाले, निवृत्त झाले, परंतु जाऊन पाहण्याचें राहून गेलें.

पुतण्या परत गेला आणि योजनेचें काम माझ्याकडे आलें. वेळापत्रक आंखणें ही मास्तराच्या हातची खोड आहे. मीं मोठ्या कागदावर बारा दिवसांचे बारा स्तंभ आंखले. सकाळीं साडेसातला प्रस्थान, दहाला अमुक चर्च, साडेबाराला भोजन, दोनला तमुक किल्ला. क्रमहि मीं इतिहासाला धरून लावला होता. मॅझिनीचा जन्म १८०५ सालीं जिनोआस झाला. तें जन्मघर आज संग्रहालय आहे. गॅरिबाल्डी १८०७ सालीं नीस येथें जन्मला. १८३१ सालीं मॅझिनीनें 'तरुण इटली' ही संस्था स्थापली ती मार्सेलिसला, परागंदा अवस्थेंत. त्याच मॅझिनीचें चरित्र सावरकरांनीं मराठींत आणलें, तें पुस्तक १९०७ सालीं निघालें, आणि तीन वर्षांनीं सावरकर स्वतः त्याच मार्सेलिसच्या पाण्यांत होते. तेव्हां जिनोआपासून आरंभ करून मार्सेलिसला शेवट करावा, म्हणजे प्रवास एखाद्या नाटकासारखा चढत जाईल, असा माझा हिशेब. मी त्यावर फार खूष होतों.

मे महिनाच कां, याचाहि खल झाला. भाद्रपदांत हवा उत्तम असते, परंतु गणपति, पाठोपाठ पितृपंधरवडा आणि मग नवरात्र. आमच्यासारख्या घराला तेव्हां हलतां येत नाहीं. जुलै-ऑगस्टमध्यें तेथें ऊन कडक आणि सारा युरोप त्याच किनाऱ्यावर लोटलेला. मेच्या आरंभीं मुलांच्या शाळेला सुटी असते, तिकडे दिवस मोठा होत जातो आणि सूर्य साडेआठनंतर मावळतो. मात्र मेच्या मध्यास कान या गांवीं चित्रपटांचा मोठा महोत्सव भरतो आणि आसपास राहण्याचे दर गगनाला भिडतात. म्हणून त्याआधीं तो भाग ओलांडून जावा असें ठरलें.

मग मोटारीचा प्रश्न आला. आम्ही नऊ जण: दादा, वहिनी, मी, आमची सौ., चिरंजीव, सूनबाई, अकरा वर्षांची नात, आठ वर्षांचा नातू आणि पुतण्या. चालकासह नऊ आसनांची गाडी तिकडे साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवितां येते, हें कळतांच मीं म्हटलें, "एकत्र कुटुंब एकाच गाडींत. प्रश्न मिटला." परंतु सूनबाईंनीं शांतपणें दाखवून दिलें, कीं नऊ माणसें बसल्यावर नऊ माणसांच्या पेट्यांना जागा उरत नाहीं, जुन्या गांवांचे रस्ते अरुंद, आणि तळघरांतील पुष्कळशा वाहनतळांचें छतच इतकें बुटकें, कीं उंच गाडी आंत शिरत नाहीं. तेव्हां दोन लहान गाड्या ठरल्या. एक पुतण्याची स्वतःची, तो ती जर्मनीहून घेऊन येणार. दुसरी भाड्याची, ती चिरंजीव चालविणार. त्यासाठीं त्यानें आपल्या परिवहन कार्यालयांतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. तो वर्षभर चालतो आणि मूळ परवान्याबरोबरच दाखवावा लागतो. भाड्याची गाडी एका देशांत घेऊन दुसऱ्यांत सोडली, तर कंपनी वेगळी रक्कम घेते. ती दक्षिणा द्यावीच लागली. एकत्र कुटुंब दोन गाड्यांत विभागलें, याची मला थोडी चुटपुट लागली, परंतु वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पंगतीसुद्धां दोन बसतात, म्हणून कोणी घर फुटलें म्हणत नाहीं."

असा कारभार चालला असतां मार्गशीर्षांत एके दुपारीं मी नकाशा घेऊन दादांकडे गेलों. "दादा, हें नीस, आतां याच्या उजवीकडे जिनोआ पाहा," असें म्हणून मीं त्यांचें बोट नीसवर ठेवलें. बोट तेथेंच थांबलें. दादांनीं सबंध मान वळविली, नकाशा डोळ्यांसमोर सरकविला, आणि मग हळूच म्हणाले, "हं, सांपडलें." मीं विचारलें, "चष्मा बदलला पाहिजे कां?" तेव्हां ते हंसले. "अरे, चष्म्याचें काम नव्हे तें. काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला. उजव्यानें नळींतून पाहावें तसें समोरचें तेवढें दिसतें."

डॉक्टरांनीं त्यांना वर्षापूर्वींच सांगितलें होतें, कीं गेलेली दृष्टि परत येत नाहीं. नियमानें थेंब घालून उरलेली राखावयाची. हें फक्त वहिनींना ठाऊक होतें. वाचकहो, त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मी त्याच घरांत राहतों, त्याच पंगतीला त्यांच्या डाव्या हाताला बसतों. गेलें वर्षभर त्यांचा हात लागून माझें पाण्याचें भांडें लवंडे, आणि मी, शिकविण्याच्या संवयीनें, "दादा, जरा लक्ष कोठें आहे?" असें मुलांदेखत म्हणत असें. ते कांहीं न बोलतां पंचानें पाणी टिपून घेत. छत्तीस वर्षें मीं शेवटच्या बाकावरच्या मुलाचें लक्ष कोठें आहे हें ओळखलें, आणि शेजारच्या पाटावरचा माणूस मला दिसत नाहीं हें ओळखलें नाहीं.

दादांनीं मला एकच अट घातली: "पोराला कळवूं नकोस. तो तिकडचें सारें सोडून येईल, नाहीं तर हा प्रवासच रद्द करील. मला दोन्ही नकोत." आठ दिवस मीं तें पाळलें. नवव्या दिवशीं मीं पुतण्याला सांगितलें. वडील भावाची आज्ञा मीं जन्मांत प्रथमच मोडली, आणि ती दादांना सांगूनच मोडली. मीं म्हटलें, "दादा, आपण वडिलांचे डोळे अधू झाले तेव्हां जवळ होतों. त्याला दूर ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सांगितलेंस तें सांगितलेंस. पण त्याला म्हणावें, रडत येऊं नकोस, गाडी नीट चालव."

पुतण्या फोनवर प्रथम कांहीं बोललाच नाहीं. नंतर त्यानें एवढेंच विचारलें, "काका, मेपर्यंत कितपत दिसेल?" याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें.

आतां माझें बारा स्तंभांचें वेळापत्रक मलाच लाजिरवाणें वाटूं लागलें. त्यांत एका दिवसांत पांच पांच स्थळें होतीं. दादांसाठीं एकहि नव्हतें. मी तो कागद पुढ्यांत घेऊन बसलों असतां आमची सौ. भाजी निवडीत म्हणाली, "अहो, मी एक विचारतें. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालवितात ना?"

"होय."

"म्हणजे चालविणारा डावीकडे बसतो, आणि शेजारचा उजवीकडे?"

"होय. त्याचें काय?"

"तुम्ही जिनोआहून मार्सेलिसला निघालांत, तर समुद्र कोणत्या हाताला येतो?"

मीं नकाशा पाहिला. पश्चिमेकडे जातांना दक्षिणेचा समुद्र डाव्या हाताला. मधें समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग, आणि आपण डोंगराच्या कडेला.

"आणि उलट निघालांत तर?"

उलट निघालों तर समुद्र उजव्या हाताला, आपली गाडी पाण्याच्या बाजूला, आणि चालकाशेजारचें आसन अगदीं समुद्राच्या खिडकीशीं. दादांचा उरलेला डोळा उजवा. सौ.नें मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, "मग प्रवास उलटा करावा. इतिहासाला काय, तो कोणत्याहि बाजूनें वाचतां येतो."

माझें नाटक त्या क्षणीं उलटें झालें, आणि मला त्याचें दुःख वाटलें नाहीं. पुतण्याला जर्मनीहून जिनोआ जवळ, मार्सेलिस दूर, तरी त्याला हें सांगतांच तो म्हणाला, "काकूला म्हणावें, मी एक दिवस आधीं निघेन."

एकदां ही किल्ली सांपडल्यावर बाकीचीं कुलुपें आपोआप उघडत गेलीं. पूर्वेकडे जावयाचें म्हणजे सकाळचा सूर्य समोरून डोळ्यांवर येणार, आणि दादांना तिरीप सोसत नाहीं. तेव्हां सकाळीं विश्रांति व प्रस्थान दुपारनंतर, सूर्य पाठीशीं घेऊन. जिनोआकडे जाणारा इटलीचा द्रुतमार्ग बोगदे आणि उंच खांबपूल यांवरून जातो. उजेडांतून अंधारांत आणि अंधारांतून उजेडांत असें पुन्हां पुन्हां जाणें काचबिंदूच्या डोळ्यांना फार त्रासाचें. तेव्हां द्रुतमार्ग शक्य तेथें सोडून खालच्या जुन्या रस्त्यानें, रोमन लोकांच्या आउरेलिया मार्गाचें नांव आज वागविणाऱ्या रस्त्यानें, सावकाश जावयाचें. डोळ्यांच्या थेंबांची वेळ रात्रीं नऊची. मे महिन्यांत तिकडचें घड्याळ आपल्याहून साडेतीन तास मागें, म्हणजे तेथें सायंकाळचे साडेपांच. ती वेळ वहिनींनीं तांबड्या शाईनें प्रत्येक दिवसापुढें लिहिली आहे. थेंबांच्या कुप्या आणि डॉक्टरांची चिठी त्यांच्या हातपिशवींतच राहणार.

रोज नवें बिऱ्हाड हा बेतहि टाकून दिला. बारा रात्रींना चारच मुक्काम: मार्सेलिस तीन, नीस चार, आलासिओ तीन, जिनोआ दोन. अपरिचित घरांत दादांना पायरी कोठें, मोरी कोठें, हें कळावयास एक दिवस लागतो. रोज घर बदललें तर रोजच चांचपडणें. नीसचा किनारा वाळूचा नव्हे, गोट्यांचा आहे, आमच्या सौ.चे गुडघे तेथें टिकणार नाहींत. आलासिओला मऊ वाळूची लांब पुळण आहे. "तेथें मी पाण्यांत पाय सोडून बसणार, आणि मला कोणीहि कांहीं दाखवावयाचें नाहीं," असें तिनें आगाऊ बजावून ठेवलें आहे.

सात रात्री फ्रान्समध्यें आणि पांच इटलींत, म्हणून व्हिसाचा अर्ज फ्रान्सकडे. जेथें मुक्काम अधिक त्या देशाकडे अर्ज करावा असा शेंगेन देशांचा नियम आहे. जून २०२४ पासून मोठ्या माणसास ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आंतील मुलास ४५. आमचीं सहा मोठीं व दोन मुलें मिळून ६३० युरो नुसत्या अर्जाचे झाले, वर केंद्राची हमाली निराळी. निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. तो घेतांना दादांचा काचबिंदू मीं स्पष्ट लिहावयास लावला. पूर्वीचें दुखणें लपवून घेतलेला विमा ऐन वेळीं उपयोगी पडत नाहीं.

जेवणाची चिंता वहिनींना होती, ती बरीचशी मिटली. नीस येथें हरभऱ्याच्या पिठाचें एक धिरडें मोठ्या तांब्याच्या परातींत भट्टींत भाजतात, त्याला सोका म्हणतात. इटलीच्या बाजूस त्याचेंच नांव फारिनाता. पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचें तेल, दुसरें कांहीं नाहीं. जिनोआची हिरवी चटणी तुळशीच्या कुळांतल्या पानांची असते. परंतु तींत जें किसलेलें चीज घालतात, तें वासराच्या जठरांतील विरजणानें केलेलें असतें, हें कळल्यावर ती आमच्या यादींतून गेली. मेतकूट, लाडू आणि एक लहान कुकर बरोबर जाणार आहेत.

इटलीच्या जुन्या गांवांत कांहीं पेठांमध्यें परक्या गाड्यांना मज्जाव असतो. वेशीवर पाटी व कॅमेरा, आणि दंडाचा कागद पुष्कळ दिवसांनीं घरीं येतो. म्हणून गाडी गांवाबाहेर ठेवून आंत पायीं जावयाचें, असें दोन्ही चालकांनीं शपथेवर कबूल केलें आहे.

माझ्या मूळ यादींतलें एक स्थळ मात्र मीं जड मनानें खोडलें होतें. नीस आणि मांतों यांच्यामध्यें डोंगरावर ला तुर्बी नांवाचें गांव आहे. तेथें ऑगस्टस बादशहाचा विजयस्तंभ आहे, इसवी सनापूर्वीं सहाच्या सुमाराचा. त्यावर त्यानें जिंकलेल्या आल्प्स पर्वतांतील ४५ जमातींचीं नांवें कोरलेलीं होतीं. ज्यानें मुलांना समुद्रगुप्ताची प्रयागची प्रशस्ति आणि तींतली जिंकलेल्या राजांची नामावळी शिकविली, त्याला ही दुसरी नामावळी पाहण्याची हौस असणारच. परंतु रस्ता वळणावळणाचा, वहिनींना गाडी लागते, आणि दादांना तेथें काय दिसणार?

दादांनीं सूनबाईकडून सुधारलेली यादी वाचून घेतली आणि विचारलें, "ला तुर्बी कोठें गेलें?" मीं म्हटलें, "वाट वाकडी पडते." त्यावर ते म्हणाले, "मेघदूत तूं शिकवीत होतास कीं मी? यक्षानें मेघाला उज्जयिनी वाकड्या वाटेवर आहे म्हणून गाळावयास सांगितली कां? उलट, वांकडी पडली तरी जाच, म्हणाला. तूं जा. मी खालीं गाडींत बसेन, आणि परत आल्यावर तूं मला तीं पंचेचाळीस नांवें ऐकीव. माझे कान शाबूत आहेत." तें स्थळ मीं पुन्हां लिहिलें. माझा हात तेव्हां थोडा कांपला, तो म्हातारपणानें नव्हे.

मार्सेलिसच्या बंदरासाठीं एक सबंध सायंकाळ मोकळी ठेवली आहे. त्याच गांवीं १९१४ सालीं आपले हिंदी शिपाई फ्रान्सच्या रणांगणावर जाण्यासाठीं उतरले होते, आणि माझार्ग भागांतील दफनभूमींत त्यांचें स्मारक आहे. तेथेंहि फुलें वाहावयाचीं आहेत. त्या सायंकाळीं घड्याळ पाहावयाचें नाहीं असा ठराव झाला आहे. पाणी किती खोल आहे याचा अंदाज दादांनीं स्वतः घ्यावयाचा.

गेल्या रविवारीं शेवटची बैठक झाली: कोणीं कोठें बसावें. पहिल्या गाडींत पुतण्या चालविणार, शेजारीं उजव्या खिडकीशीं दादा. त्यांच्या मागें कोण, यावर मुलांत भांडण झालें. शेवटीं नात म्हणाली, "मी बसेन. आजोबांना जें दिसणार नाहीं, तें मी सांगत जाईन." मला रघुवंशाचा तेरावा सर्ग आठवला, ज्यांत लंकेहून परततांना राम पुष्पक विमानांतून सीतेला समुद्र दाखवितो. मीं तो सर्ग अनेकदां शिकविला. परंतु शेजारच्या माणसाला समुद्र दाखविणें म्हणजे काय, हें मला या अकरा वर्षांच्या मुलीनें शिकविलें.

दादांनीं तिला विचारलें, "आणि डावीकडचें? त्या बाजूचें मला मुळींच दिसत नाहीं."

ती म्हणाली, "डावीकडे पाहावयाचें कशाला? डावीकडे काका आहे."

दादा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानें पुसला, आणि तो पुसून झाल्यावरहि बराच वेळ पुसत राहिले. नंतर जेवणाचीं पानें मांडलीं गेलीं. त्या दिवसापासून मी पंगतीला त्यांच्या उजव्या हाताला बसतों, आणि पाण्याचें भांडें त्यांना दिसेल असें ठेवतों.